उतार उत्तम आहे

...आणि वर मलाच विचारत होते, "पाणी आत आलंच कसं?" आलंच कसं म्हणजे? चालत आलं! बेल वाजवली, चपला बाहेर काढल्या आणि आलं आत! अहो, फाटकापासून गॅरेजच्या शटरपर्यंत तुम्ही काँक्रीटची अख्खी घसरगुंडी करून ठेवलीय, वरून पाऊस कोसळतोय, घसरगुंडीच्या टोकाला मी झोपलोय, मग पाणी दुसरीकडे जाईल कुठे? मामाकडे? पण नाही. बाबा शटरमध्ये उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरलेला, आणि चेहरा असा की जणू मीच त्या पाण्याला मित्र म्हणून घरी घेऊन आलोय. "तू शटर नीट लावलं नसशील." मी म्हटलं, बरं.

तुम्हाला सांगतो, पूर्वी मला राग यायचा. म्हणजे माझा मुख्य उद्योगच तो होता. कॉलेज मधेच सोडलं ते रागात, घरात बोलायचो ते दारं आपटून. आता येत नाही. कुठे गेला कोण जाणे! दाढ बधिर केल्यावर आपण जिभेनं चाचपून बघतो ना, आहे का अजून, तसं मी अधूनमधून बघतो चाचपून. काही लागत नाही हाताला. सकाळी कॉटवरून पाय खाली ठेवला, डुबुक आवाज आला, तरी मी नुसता बसून राहिलो. एक चप्पल तरंगत माझ्याकडे येत होती. मी म्हटलं, येऊ दे, हिला तरी यावंसं वाटतंय.

तर मी गॅरेजमध्ये राहायचो. कॉलेज सोडलं तेव्हा बाबांनी मला तिथे हलवलं. ज्याला शिकायचं नाही त्याला खिडकी कशाला, असा एकूण विचार. तिथे माझी कॉट, आणि टेबलावर, टेबलाखाली, कॉटखाली, जिकडे तिकडे पंप. लोकांचे पाण्याचे पंप, टाकीत पाणी चढवणारे. ते जळतात, अडकतात, नुसते गुणगुणतात आणि थेंबही चढवत नाहीत. मी ते उघडतो, जळकी तार काढतो, नवी गुंडाळतो, वॉर्निश लावतो, वाळवतो, बंद करतो, चालतात. हे सगळं माझं मी शिकलो, त्यामुळे घरात त्याला शिक्षण म्हणत नाहीत. आणि गंमत बघा, गावभराचं पाणी वर चढवणारा मी, माझ्या खोलीतलं पाणी मात्र सुपलीनं बाहेर लोटायचो! एकदा कंटाळून एका गिऱ्हाइकाचाच पंप लावला. काय खेचला पठ्ठ्यानं! गिऱ्हाईक न्यायला आलं, म्हणालं, "चालवून बघितलाय ना?" म्हटलं, माझ्या कॉटखालीच चालवला, अजून काय पाहिजे?

आता खरी गोष्ट सांगतो. बाजारात पंपांचं एक मोठं दुकान आहे, त्या दुकानदाराला माझं काम पसंत पडलं. कानावर पेन्सिल, बोलणं तुटक. म्हणाला, "काम चोख आहे तुझं. माझ्याकडची सगळी दुरुस्ती तुला देतो. पण जागा कोरडी पाहिजे. ओलीत तार गुंडाळलीस तर वॉर्निश वाळणार नाही, पंप परत येईल, शिव्या मला." म्हटलं, या की बघायला. तर म्हणतो, "आज नाही. धो धो पाऊस असेल त्या दिवशी येतो. ऊन असलं की सगळ्यांच्याच जागा कोरड्या असतात." हुशार माणूस. सगळी दुरुस्ती! म्हणजे जेवताना पहिला घास घ्यायच्या आत "तुझं पुढे काय?" हे ऐकायला नको. मला बाकी काही नको होतं हो. कोरडी जमीन, आणि तो प्रश्न बंद.

म्हणून मी बाबांना म्हटलं, बाबा, आपल्या काँक्रीटचा उतार चुकलाय. आत आहे. बाहेर पाहिजे.

शांतता. अशी शांतता की फ्रिज बोलायला लागला.

कारण तो उतार बाबांनी स्वतः दिलेला! स्वतः म्हणजे गवंडी काम करत होता आणि बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बोट दाखवत होते. आणि उतार आतच का? ऐका. आमच्याकडे तेव्हा गाडी होती. गाडीचा हँडब्रेक गेलेला. एके दिवशी गाडी आपली आपण निघाली, मागच्या मागे, शांतपणे फाटकाबाहेर गेली आणि समोरच्या विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. सगळी गल्ली हसली. आता तुम्ही काय केलं असतं? हँडब्रेक दुरुस्त केला असता. बाबांनी जमीन वाकडी केली! "पुन्हा गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये!" आणि नाहीच गेली. विकली तेव्हा घेणाऱ्याला ढकलत बाहेर काढावी लागली. गाडी गेली, हँडब्रेक तिच्याबरोबर गेला, उतार राहिला. आणि तिथे मी राहिलो.

"उतार चुकलाय?" बाबा म्हणाले. "तू सांगणार? तू? ज्याला एक पदवी पुरी करता आली नाही तो?" मी म्हटलं, बरं.

आई मागून ताट घासत होती. ती नंतर मला हळूच म्हणते, "मला तेव्हाच कळलं होतं. तू लहान होतास, तुझा चेंडू कुठूनही सोडला तरी गॅरेजपाशीच जाऊन थांबायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं." मी विचारलं, कुणाला म्हटलं होतंस? तर म्हणे, "मनातल्या मनात." आमच्या घरातली सगळी शहाणपणाची वाक्यं आई मनातल्या मनात बोलते. बाहेर येतात ती बाकीच्यांची.

आणि बाकीच्यांत मोठे काका! बाबांचे थोरले भाऊ. वरच्या मजल्यावर राहतात, एकटेच. त्यांनी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली. आता पाणीपुरवठा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल नळ, टाक्या, धरण... छे! ते रजेचे अर्ज बघायचे. पण खातं पाण्याचं ना! त्यामुळे घरात पाण्याचा विषय निघाला की काका जिन्यावरून उतरणार, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत, आणि खाली आले की, "पाण्याशी भांडायचं नसतं. पाण्याला समजून घ्यायचं असतं." मला ते 'अपूर्णांक' म्हणतात. शिक्षण अपुरं ना, म्हणून. "अपूर्णांका, बाजूला हो जरा, बघू दे मला." बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पाणी आत येतंय." मी म्हटलं, बरं.

मग सुरू झाले उपाय. उतार सोडून सगळ्यावर उपाय! पहिला उपाय काकांचा, शटरसमोर सिमेंटचा उंचवटा. "पाणी येईल, अडेल, विचार करेल, परत जाईल." त्यासाठी तोच जुना गवंडी बोलावला. हा माणूस म्हणजे, काहीही विचारा, उत्तर एकच, "होऊन जाईल!" मी त्याला एका बाजूला घेतलं, म्हटलं, खरं सांगा, उतार उलटा दिलाय हे तुम्हाला तेव्हा दिसलं नाही? तर बिडी शिलगावत म्हणतो, "दिसलं की! साहेब म्हणाले आत, मी दिला आत. बाहेर म्हणाले असते तर बाहेर दिला असता. सिमेंटला काय, ते दोन्हीकडे सारखंच बसतं." मी म्हटलं, अहो पण पाणी? "पाण्याचं मला कुठे सांगितलं होतं? मला गाडीचं सांगितलं होतं." आता बोला!

उंचवटा झाला. त्यामुळे आधी काय झालं, तर शटर पुरतं खाली येईना. उंचवट्यावर टेकून राहिलं, मध्ये वीतभर फट, रोज सकाळी गल्लीतलं एक मांजर त्या फटीतून डोकं घालून मी उठलो का बघायचं. मग पाऊस आला. पाणी आलं, अडलं, काकांनी सांगितल्याप्रमाणे विचारही केला असणार, कारण ते डावीकडे वळलं आणि सरळ आईच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत गेलं. आई पिठाचा डबा छातीशी धरून स्टुलावर उभी! बाबा म्हणाले, "दार उघडं का ठेवलंस?" बघा हं, शटर असो, दार असो, चूक नेहमी उघड्या असलेल्या गोष्टीची. काका म्हणाले, "पण गॅरेजमध्ये गेलं नाही, हे मान्य करा." ही गोष्ट खरीच होती. मी म्हटलं, बरं.

दुसरा उपाय बाबांचा. उंचवटा फोडला आणि काँक्रीटला भोकं पाडायची ठरवली. कशाला? "पाणी जिरायला." ड्रिल मशीन भाड्यानं आणलं, बाबा खुर्चीत, मी ओणवा, "इथे पाड... तिथे पाड... अरे रांगेत पाड, दिसायला बरं दिसायला नको का?" रांगेत पाडली. खाली घट्ट चिकणमाती. पाणी भोकात गेलं, भोकं भरली, आणि ती काठोकाठ भरलेली भोकं दिवसभर आकाशाकडे बघत राहिली. त्यात डास झाले. बाबा दुसऱ्या दिवशी काकांना सांगत होते, "थोडं थोडं जिरतंय, दादा." काका म्हणाले, "जिरणारच. त्याला वेळ द्यायला लागतो." मी त्या दोघांकडे बघत होतो आणि माझ्या मनात आलं, ही दोन माणसं मला आयुष्य कसं जगायचं ते शिकवतात... एवढंच मनात आलं. पूर्वी यापुढे बरंच काही आलं असतं. आता एवढंच येतं आणि थांबतं.

मला काय करायचं ते माहीत होतं. अख्खं काँक्रीट उखडून नवा ढाळ देणं जमण्यासारखं नव्हतं. पण शटरच्या बाहेर, अगदी लागून, आडवा चर कापायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वर लोखंडी जाळी, आणि चराच्या टोकाला पाइप, तो घराच्या कडेनं मागे न्यायचा, मागची जमीन खोल आहे, तिथे पाणी सोडून द्यायचं. बास. पण त्यासाठी बाबांचं काँक्रीट कापायला हवं, आणि ते कापायचं तर "उतार चुकला" हे आलंच, आणि हे वाक्य आमच्या घरात उच्चारायची सोय नाही. बाबा दोनदा म्हणाले, "ते काँक्रीट मी ओतलंय." ओतलं कुठे हो, बघत बसला होतात!

शेवटी वाट काढली ती आईनं. म्हणाली, "तू चुकलं म्हणूच नकोस. उतार उत्तम आहे म्हण." मी म्हटलं, काय? "म्हण, बाबा, उतार इतका उत्तम आहे की सगळं पाणी बरोब्बर एका जागी येतं, एक थेंब इकडे तिकडे जात नाही, मग तिथे नुसती जाळी टाकली की झालं. म्हणून तर बघ." मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. जेवताना मी आमटी वाढल्यासारखं ते वाक्य वाढलं, बाबा, उतार उत्तम आहे.

बाबांचा घास थांबला. माझ्याकडे बघितलं. कॉलेज सोडल्यापासून बाबांनी माझ्याकडे असं पहिल्यांदा बघितलं असेल. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी मुद्दामच तसा ठेवला होता. पाणी एका जागी आणण्यासाठी. पुढे कधीतरी जाळी टाकायचीच होती." काका म्हणाले, "मला आठवतंय, तू तेव्हा तसं बोलला होतास." बोलला होतास! आई खाली मान घालून भात कालवत होती. मी म्हटलं, बरं.

मग मी चर कापला. एकट्यानं. खडूचा दोरा मारला, कटर लावला, पात्यावर पाणी सोडत राहिलो तरी काँक्रीटची पांढरी धूळ नाकात, कानात, दातांत. मग छिन्नी-हातोडा. बाबांचं काँक्रीट, सांगतो तुम्हाला, पक्कं होतं! चुकीचं होतं पण पक्कं होतं. आमच्या घरातलं सगळं असंच आहे. बाबा खुर्ची घेऊन बसलेले, "सरळ जाऊ दे... सरळ जाऊ दे...", काका जिन्यात उभे, "त्याला घाई फार." चराच्या तळाला पुन्हा ढाळ द्यायचा, एका टोकाकडे, तो मी पारदर्शक नळीत पाणी भरून मापला, कारण नळीतलं पाणी कुणाचं थोरलेपण बघत नाही. पाइप पुरला, सांधे चिकटवले, जाळी बसवली. आणि फाटकापाशी उभा राहून नळ सोडला. पाणी ऐटीत निघालं, रोजच्या सवयीनं माझ्या खोलीकडे, शटरपाशी आलं, आणि जाळीत गेलं. गुळुक. मागे जाऊन बघतो तर पाइपातून बदाबदा बाहेर! आई मागच्या दारात उभी होती. ओले हात पुसत होती. पण मनातल्या मनात नक्की काहीतरी बोलली, चेहऱ्यावर दिसलं.

दोन-तीन दिवसांत पाऊस आला, दुकानदाराला हवा तसला, धो धो. मी कॉटवर बसून जमिनीकडे बघत होतो. कोरडी! कोपरे कोरडे, कॉटखाली कोरडं. बाहेर जाळी गुळगुळ गुळगुळ करतेय आणि आत मी पंपाच्या तारेला वॉर्निश लावतोय. दुकानदाराचा फोन आला, "निघालोय." आणि तेव्हा, खोटं कशाला सांगू, छातीत जरासं काहीतरी हललं. आनंद असावा. खूप दिवसांत भेट नव्हती, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

तेवढ्यात सगळं घर बघायला खाली आलं. बाबा पुढे, हात मागे बांधून, पाहुण्यांना स्मारक दाखवावं तसे. "बघ दादा, मी म्हणत होतो ना." काकांनी चप्पल काढली. अनवाणी पाय जमिनीवर टेकवला. मग दुसरा टेकवला. मग माझ्या कॉटवर बसले, दोन्ही हातांनी गादी दाबली, वर छताकडे बघितलं. फार वेळ छताकडे बघितलं, ते मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आणि म्हणाले, "कोरडी आहे रे जागा."

झालं! ज्या आवाजात म्हणाले ना, मला तिथेच कळलं.

"दादाला जिना आताशा झेपत नाही," बाबा म्हणाले. "गुडघे..." काका म्हणाले, "नाही नाही, मुलाला कशाला त्रास," आणि म्हणता म्हणता पाय वर घेऊन आडवे झाले. मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा, माझे पंप? "अरे, वर ठेव ना, वर अख्खी खोली मिळतेय तुला! खिडकीसकट! थोरल्या माणसासाठी एवढं नाही करणार?" मी म्हटलं, बाबा, आज तो माणूस येतोय, जागा बघायला, मी त्याच्यासाठी हे सगळं... "कोण माणूस?" मी याआधी सांगितलं होतं हो. जेवताना सांगितलं होतं. "तुझं पुढे काय"च्या उत्तरादाखल सांगितलं होतं. ऐकलं कुणी? मी तोंड उघडलं. म्हटलं, आता येईल, आता येईलच तो राग, आता नाही तर कधी! थांबलो. वाट बघितली. आला नाही. मी म्हटलं, बरं.

मी पहिला पंप उचलून अर्धा जिना चढलो आणि दुकानदार नेमका तेव्हाच आला. छत्री मिटून शटरमध्ये उभा. आत काका पडलेले, अंगावर माझी चादर. "कोण पाहिजे?" काका. "ते पंप दुरुस्त करणारे..." "इथे आता पंप-बिंप काही होत नाही. इथे मी राहतो." मी धावत खाली आलो तोवर दुकानदार वाकून जाळी बघत होता, मग आत जमिनीवर हात फिरवला, बोटं चोळून बघितली, कानावरची पेन्सिल सारखी केली. "उत्तम काम आहे," म्हणाला. "जागा पण उत्तम होती." होती! मी म्हटलं, वर खोली आहे, चालेल? "कोरडी असेल तर चालेल की. बघू, चल." मी म्हटलं, चला.

आता काकांच्या खोलीत आम्ही कुणी कधी जात नाही. दार कायम लावलेलं, काका आत वाचत असतात, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. दार ढकललं. काकांची कॉट खोलीच्या बरोब्बर मधोमध, भिंतींपासून लांब, आणि तिच्याभोवती बादल्या. निळी, लाल, एक पत्र्याचा डबा, एक पातेलं, जे आई गेली काही वर्षं शोधतेय. आणि छतातून टप, टप, टपटप, प्रत्येकाचा आवाज वेगळा. दुकानदारानं उंबऱ्यातूनच वर बघितलं, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कोरडी जागा मिळाली की कळव," म्हणाला, आणि गेला. सभ्य माणूस. हसलासुद्धा नाही.

मी जिन्यातून खाली ओरडलो, काका! वर गळतंय! तर खालून, माझ्या कॉटवरून, झोपाळलेला आवाज, "हो रे. निळी आधी भरते, लाल जरा सावकाश आहे. आणि बाबांना बोलू नकोस काही." मी म्हटलं, बाबांना कशाला? गच्चीचा ढाळ पण बाबांनीच दिलाय का? "छे! त्याला काय कळतंय गच्चीतलं!" काका म्हणाले. "गच्ची मी करून घेतलीय. स्वतः उभं राहून."

...थांबा हं, उठतो. निळी भरली.